माळ्यावरची अडगळ आणि मुंबईचा प्लेग

प्रत्येक घरांत एक जागा अशी असते कीं, जिच्याकडे घरांतील माणसें पाहून न पाहिल्यासारखें करतात. कोठें ती माळ्यावरची अडगळ असते, कोठें जिन्याखालचा अंधारा कोपरा, तर कोठें धान्याच्या कोठीमागची वीतभर फट. ओसरी दोनदां झाडली जाते, चूल नित्य सारवली जाते, देवघरांतील भांडीं घांसूनपुसून लखलखीत होतात; पण त्या एका जागेची पाळी कांहीं येत नाहीं. "यंदां राहूं दे, पुढच्या दिवाळीला पाहूं," असें म्हणतां म्हणतां वर्षांमागून वर्षें निघून जातात. हा आळस वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. इतिहासानें त्याची दखल घ्यावी असें त्यांत आहे तरी काय, असेंही कोणी विचारील. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई शहरावर जें संकट ओढवलें, त्याची हकीकत लक्षपूर्वक पाहिली म्हणजे असें दिसून येतें कीं, त्या संकटाला आसरा मिळाला तो असल्याच न झाडलेल्या जागांत. आणि त्या जागा झाडाव्या कशा, हें उमगण्यास मोठमोठ्या विद्वानांना व अधिकाऱ्यांना जवळजवळ दहा वर्षें लागलीं.

१८९१ च्या शिरगणतीप्रमाणें मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. कापसाच्या व्यापारानें आणि गिरण्यांनीं शहर भराभर वाढलें होतें. परंतु त्या मानानें राहण्याच्या जागा वाढल्या नव्हत्या. गर्दीच्या भागांतील चाळींतून एकेका खोलींत एक आणि कधीं कधीं दोन कुटुंबें राहात. पुष्कळ खोल्यांना खिडकीच नसे. भरदिवसां दिवा लावल्यावांचून आंतील माणूस दिसत नसे. दोन इमारतींच्या मध्यें जी अरुंद पट्टी सोडलेली असे, तिला घरगल्ली म्हणत. मोऱ्यांचें सांडपाणी, शौचकूपांतील मैला आणि वरच्या मजल्यांवरून फेंकलेला केर हें सर्व त्या पट्टींत एकत्र होई. तिच्याकडे कोणाच्याही घराचें पुढचें दार उघडत नसे. म्हणून ती सर्वांची असून कोणाचीच नसे. बंदराजवळच्या मांडवी भागांत तर धान्याच्या वखारी आणि राहतीं घरें एकमेकांना लागून होतीं. खालीं गोण्यांच्या थप्प्या आणि वर माणसांचे बिऱ्हाड, असा तेथला संसार होता. गोण्या येत आणि जात; पण त्यांच्या तळाशीं सांडलेलें धान्य व भुसा तसाच राही.

ही घाण कोणाला दिसत नव्हती असें नाहीं. ती सर्वांना दिसत होती. आणि प्रत्येकजण ती दुसऱ्याची समजत होता. भाडेकरू म्हणे, घर मालकाचें आहे, त्यानें पाहावें. मालक म्हणे, गटारें म्युनिसिपालिटीचीं आहेत, तिनें पाहावें. म्युनिसिपालिटीच्या सभेंत बसणाऱ्यांत घरमालकांचें वजन मोठें असे, त्यामुळें मालकांवर सक्ती करण्याचा प्रश्न निघाला कीं तो पुढच्या सभेवर जाई. सरकारचें लक्ष गोद्या, गिरण्या आणि कोटांतील भव्य इमारती यांकडे होतें. अशा रीतीनें झाडूची पाळी एका हातून दुसऱ्या हातीं जात राहिली. यांत खोलींत राहणाऱ्या मजुराला बोल लावणें मात्र अन्यायाचें होईल. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत जो गिरणींत राबतो, ज्याच्या खोलीला हवा येण्यास मार्ग नाहीं आणि ज्याच्या मजल्यावर पुरेसें पाणी येत नाहीं, त्यानें स्वच्छता ठेवावी तरी कशी?

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवींत विलक्षण तापाचे रोगी आढळूं लागले. काखेंत किंवा जांघेंत गांठ येई, ताप भडके आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावे. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे त्या भागांत वैद्यकी करीत आणि म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीचे सभासदही होते. हा गांठीचा प्लेग आहे, असें त्यांनीं निर्भयपणें सभेपुढें सांगितलें. अनेकांना तें पटलें नाहीं आणि रुचलें तर मुळींच नाहीं. कारण प्लेगचें नांव निघतांच परदेशचीं बंदरें मुंबईच्या मालाला आपलीं दारें लावून घेतील, ही व्यापाराला धास्ती होती. दरम्यान मांडवीच्या वखारींतून मेलेले उंदीर सांपडत होते. तें अनेकांनीं पाहिलें. पण त्याचा अर्थ फारसा कोणी लावला नाहीं.

आतां जी सफाई सुरू झाली, ती शहरानें पूर्वीं कधीं पाहिली नव्हती. रोग घाणींतून, ओलसर जमिनींतून आणि दुर्गंधींतून उपजतो, असा आरोग्याधिकारी डॉ. वेअर यांच्यासारख्यांचा समज होता. आणि त्या काळाच्या ज्ञानाला धरूनच तो होता. गटारांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक सोडण्यांत आलें. बंबांनीं घरें आंतून बाहेरून धुवून काढण्यांत आलीं. भिंतींना चुन्याचे हात देण्यांत आले, कच्च्या जमिनी खणून काढण्यांत आल्या, ऊन आंत यावें म्हणून छपरांचीं कौलें उतरविण्यांत आलीं. अंथरुणें, चिंध्या आणि अडगळ यांच्या होळ्या रस्त्यांवर पेटल्या. जीं घरें राहण्यास अयोग्य ठरलीं, त्यांच्या भिंतींवर तसें दर्शविणारीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविण्यांत आलीं. जें काम वर्षानुवर्षें पुढें ढकललें गेलें होतें, तें कांहीं आठवड्यांत उरकून टाकण्याची जणूं शर्यत लागली.

परंतु दुसऱ्यानें येऊन केलेल्या सफाईंत आणि स्वतःच्या हातानें केलेल्या सफाईंत महदंतर असतें. गृहिणी माळा आवरते तेव्हां कोणतें गांठोडें टाकावें आणि कोणतें जपावें, हें तिला ठाऊक असतें. सरकारी माणसाला सर्वच गांठोडीं सारखीं! ६ ऑक्टोबर १८९६ रोजीं म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं फर्मान काढून रोग्यांना सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. आपल्या माणसाला परक्यांनीं उचलून न्यावें आणि तो पुन्हां दिसूंही नये, ही कल्पना लोकांना मरणापेक्षां भयंकर वाटली. २९ ऑक्टोबरला सुमारे १,००० गिरणी कामगार आर्थर रोडवरील इस्पितळावर चालून गेले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट अधिकाऱ्यांच्या ध्यानांत आली, आणि तिनें त्यांची झोंप उडाली. शहराचा मैला वाहणारे आणि रस्ते झाडणारे कामगारही या सक्तीला भिऊन शहर सोडण्याच्या बेतांत होते. ते गेले असते, तर मुंबई चार दिवसांत राहण्यास नालायक झाली असती. त्यामुळें ऑक्टोबर महिना संपतां संपतां ते कडक नियम सौम्य करावे लागले. ज्यांना समाजानें शिवूं नये म्हणून दूर ठेवलें होतें, त्यांच्याच हातावर सबंध शहराचें आरोग्य उभें होतें, हें सत्य त्या आठवड्यांत लखकन् दिसून गेलें. दुर्दैवानें तें पाहून पुन्हां विसरण्यांत आलें. घरची घाण दुसऱ्याच्या डोक्यावरून बाहेर जाते, म्हणून घर स्वच्छ, अशी समजूत असणाऱ्या समाजाला तें विसरणें सोयीचें होतें. मानवी हातांनीं मैला उचलण्याची ही पद्धत बंद करण्यासाठीं स्वतंत्र भारतांतही १९९३ आणि २०१३ असे दोनदां कायदे करावे लागले, यावरून ही विस्मृति किती चिवट होती याची कल्पना येईल.

१८९७ उजाडलें तें अधिकच वाईट दिवस घेऊन. घाबरलेले लोक आगगाडीनें, गलबतानें, पायीं, मिळेल त्या मार्गानें मुंबईबाहेर पडले. फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी वस्ती गेली होती. त्यांच्या वळकट्यांबरोबर रोगही गांवोगांव गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांसंबंधींचा कायदा झाला, आणि घरांत शिरण्याचा, माणसांना वेगळें काढण्याचा व मालमत्ता नष्ट करण्याचा जवळजवळ अनिर्बंध अधिकार सरकारच्या हातीं आला. मुंबईंत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं, तर पुण्यांत रँड यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमण्यांत आली.

पुण्यांतील तपासणी १३ मार्चपासून सुरू होऊन १९ मेपर्यंत चालली. गोरे सोल्जर वाड्यांतून शिरले. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा कोणताही भेद त्यांना नव्हता. सामान अंगणांत फेंकलें गेलें, कांहीं जाळलें गेलें. स्त्रियांची भर चौकांत तपासणी झाल्याच्या तक्रारी उठल्या. टिळक पुण्यांतच राहिले होते आणि हिंदु रोग्यांकरितां इस्पितळ काढण्याच्या खटपटींत पुढें होते. स्वच्छता व रोग्यांना वेगळें ठेवणें यांची आवश्यकता त्यांना मान्य होती. संताप होता तो ज्या रीतीनें तें चाललें होतें, त्या रीतीविषयीं. याच दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांना प्लेगनें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. ज्यांनीं आयुष्यभर समाजाचे अंधारे कोपरे झाडले, त्यांचा शेवटही तेंच काम करतांना व्हावा, यांत विलक्षण करुण सुसंगति आहे. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चाफेकर व त्यांचे बंधू यांनीं सूड घेतला. लेफ्टनंट आयर्स्ट जागच्या जागीं ठार झाले आणि रँड ३ जुलै रोजीं मरण पावले. चाफेकर फांसावर गेले. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. घर झाडण्याच्या प्रश्नानें असें रक्त सांडावें, हें इतिहासांत क्वचितच घडलें असेल.

आणि एवढें होऊनही प्लेग गेला नाहीं. तो दर हिंवाळ्यांत परत येई आणि उन्हाळ्यांत ओसरे. चुना लावलेल्या शुभ्र भिंतींच्या आड माणसें मरतच होतीं. असें कां व्हावें?

उत्तर एका लहानशा जिवापाशीं होतें. रोगाचा जंतु १८९४ मध्येंच हाँगकाँग येथें यर्सिन यांनीं शोधून काढला होता. पण तो माणसापर्यंत पोंचतो कसा, हें गूढ होतें. फ्रेंच डॉक्टर पॉल लुई सीमाँ यांनीं २ जून १८९८ रोजीं कराचींत एक साधा प्रयोग केला. प्लेगनें आजारी असलेला व अंगावर पिसवा असलेला एक उंदीर त्यांनीं कांचेच्या मोठ्या भांड्यांत ठेवला. तो मरण्याच्या बेतास येतांच दुसरा निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यांत घालून त्याच भांड्यांत टांगला. दोघांचा एकमेकांस स्पर्श झाला नाहीं. तरीही कांहीं दिवसांनीं दुसरा उंदीर प्लेगनेंच मेला. मध्यें दुवा होता तो पिसवांचा. विद्वान मंडळींनीं या शोधाची फारशी पर्वा केली नाहीं. कित्येकांनीं तो हंसण्यावारी नेला.

पुढें १९०५ मध्यें नेमलेल्या संशोधन मंडळानें मुंबईंतच याची कसून परीक्षा केली. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवण्यांत आले. कांहींचे पिंजरे पिसू शिरणार नाहीं अशा बारीक जाळीनें मढविलेले होते, कांहींचे नव्हते. खोली तीच, हवा तीच, दुर्गंधी तीच. परंतु जाळीआडचे गिनीपिग वांचले आणि उघड्या पिंजऱ्यांतील कित्येक मेले. औषधी पाण्यानें धुतलेल्या खोल्यांतही धोका शिल्लक असल्याचें दिसून आलें. आतां सर्व कोडें उलगडलें. घरांतील काळा उंदीर प्लेगनें मेला कीं, त्याच्या अंगावरील पिसवा नवें रक्त शोधीत बाहेर पडत आणि दुसरा उंदीर न मिळाल्यास माणसाला चावत. पिसूच्या पोटांत जंतूंचा बोळा बसतो आणि भुकेनें चवताळून ती पुन्हां पुन्हां चावते, ही बारीक खूण १९१४ मध्यें बेकट व मार्टिन यांनीं उघडकीस आणली.

मग १८९६ च्या त्या प्रचंड सफाईनें साधलें काय? तिनें डोळ्याला आणि नाकाला जें खुपत होतें तें दूर केलें. पण उंदराचें घर तसेंच राहिलें. किंबहुना एक घर उसकटलें, कौलें उतरलीं कीं तेथले उंदीर शेजारच्या घरांत जात, आणि ज्या घरांत रोग नव्हता तेथेंही तो पोंचे. भिंत पांढरी झाली. परंतु धान्याच्या गोणीखालचा भुसा तसाच होता. या पिसूच्या अळ्या तर धान्याच्या कोंड्यांत व धुळींतच वाढतात! जो कोपरा सर्वांनीं टाळला होता, तोच नेमका शेवटपर्यंत सुटला.

यांत खेड्यांतील साध्या माणसांचें शहाणपण नोंदण्याजोगें आहे. "उंदीर पडूं लागले" असें दिसतांच गांव सोडून रानांत झोपड्या बांधून राहण्याची चाल प्लेगच्या दिवसांत सर्वत्र रूढ झाली. हिमालयाच्या पायथ्याशीं कुमाऊं व गढवाल या मुलखांत तर ती फार जुनी होती. या लोकांना जंतु ठाऊक नव्हता, पिसूची करणी ठाऊक नव्हती. पण उंदराच्या मरणाचा आणि माणसाच्या मरणाचा कांहीं संबंध आहे, एवढें त्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें. त्यांना अडाणी म्हणणाऱ्या शास्त्राला तेथपर्यंत येण्यास उशीर लागला. त्याचप्रमाणें उतरंडीचीं मडकीं उतरवून त्यांखालची जागा सारवणें, कणगी रिकामी करून उन्हांत टाकणें, धान्याला ऊन देऊन झांकून ठेवणें, अंथरुणें वाळवणें, या ज्या गोष्टी घरोघरच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या करीत आल्या, त्या नुसत्या टापटिपीच्या नव्हत्या. उंदराला बीळ मिळूं नये आणि पिसूला ओल मिळूं नये, हेंच त्यांचें फळ होतें. ज्या खोलींत हें करावयास जागा नव्हती, ऊन नव्हतें आणि वेळही नव्हता, तेथेंच रोगानें ठाण मांडलें.

म्हणून खरी सफाई एकट्या गृहिणीच्या केरसुणीनें होण्यासारखी नव्हती. १८९८ मध्यें मुंबईंत सिटी इंप्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तींतून हवा खेळती राहावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढण्यांत आले. दादर व माटुंगा येथें आखीव वस्त्या वसविण्यांत आल्या. परंतु येथेंही जुनी खोड सुटली नाहीं. पाडलेल्या खोल्यांच्या मानानें गरिबांकरितां नव्या खोल्या सुरुवातीला फार कमी बांधल्या गेल्या. त्यामुळें उठविलेलीं माणसें शेजारच्या चाळींत जाऊन अधिकच दाटीनें राहूं लागलीं. म्हणजे कौलें उतरल्यावर उंदीर जसे शेजारीं गेले, तशीच माणसेंही शेजारीं गेलीं! केर एका खोलींतून काढून दुसऱ्या खोलींत लोटला, तर त्याला झाडणें म्हणत नाहींत.

हिंदुस्थानांत या साथीनें पुढील दोन-तीन दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. हळूहळू ती मावळली, आणि प्लेग ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकण्याची गोष्ट झाली. परंतु १९९४ मध्यें तिनें पुन्हां दार ठोठावलें, आणि तेंही महाराष्ट्रांतच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यांतील पुष्कळ लोक घरांत झोंपण्यास भिऊं लागले आणि बाहेर छपऱ्या घालून राहिले. धान्य मात्र आंत घरांतच राहिलें. माणसाचा वावर थांबला, केरसुणी थांबली, आणि उंदरांचें फावलें. पुढच्या वर्षीं बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीच्या प्लेगचे रोगी आढळले, तेव्हां जाणकारांनीं याच कारणाकडे बोट दाखविलें. पाठोपाठ सुरतेंत फुप्फुसाच्या प्लेगचा गवगवा झाला आणि मुंबईंतून जशी एकदां पळापळ झाली होती, तशीच सुरतेंतून झाली. त्या शहरानें मात्र धडा घेतला. १९९५ पासून तेथें नगरपालिकेचे आयुक्त एस. आर. राव यांनीं रोजच्या रोज केर उचलण्याची व्यवस्था इतक्या नेटानें बसविली कीं, घाणीसाठीं बदनाम झालेलें सुरत लवकरच देशांतील स्वच्छ शहरांत गणलें जाऊं लागलें. तेथें बंब, होळ्या किंवा सोल्जर लागले नाहींत. नित्याचें काम नित्य करण्याचा नेम तेवढा लागला.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य थोडक्यांत सांगतां येतें. टाळलेलें काम नाहींसें होत नाहीं. तें अंधारांत वाढत राहतें. तें घरच्या माणसानें सवडीनें आणि समजुतीनें केलें नाहीं, तर एके दिवशीं परका माणूस येऊन घाईनें आणि बेदरकारपणें करतो. आणि त्या घाईंत जपण्याचें तें जळतें आणि जाळण्याचें तें राहून जातें. मुंबईनें घरगल्ली टाळली, तेव्हां तिच्या वाट्याला गॅटेकर आले. पुण्याच्या वाट्याला रँड आले. शिवाय दिसतें तें पुसणें म्हणजे सफाई नव्हे, हेंही त्या पांढऱ्या भिंतींनीं शिकविलें. झाडावयाचें असतें तें न दिसणारें.

महाराष्ट्रांत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची रीत आहे. लक्ष्मी म्हणून पूजावयाची ती सोन्यानाण्याच्या शेजारीं ठेवलेली ही शिंदीच्या पानांची जुडी! पूर्वजांनीं तिला हा मान दिला, त्यांत फार मोठा अर्थ भरलेला आहे. मात्र पूजा आटोपल्यावर ती दाराआड टेकवून ठेवली, तर त्या मानाला कांहीं मोल उरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती हातीं घेऊन कोणी एक शिडी भिंतीला लावली, माळ्यावर चढून पहिलें गांठोडें खालीं दिलें, आणि "पुढच्या दिवाळीला पाहूं" हे शब्द या वर्षापुरते तरी तोंडांतून निघूं दिले नाहींत, म्हणजे त्या देवतेची पूजा खरोखर पुरी झाली असें समजावें.